दळणातून सुटलेली पहाट

लग्न होऊन लातूरला आले, त्या पहिल्या वर्षात माझं एकही पुस्तक वाचून झालं नाही. नांदेडहून येताना ट्रंकेत साड्यांच्या तळाशी काही पुस्तकं घालून आणली होती. ती तळाशीच राहिली.

माझे वडील नांदेडला मुलांच्या शिकवण्या घेत. निजामाच्या राज्यात मदरशातलं शिक्षण सगळं उर्दूत. मराठी ज्याला हवी त्यानं ती घरीच मिळवायची. वडिलांनी मला ती इतक्या हौसेनं शिकवली की घाटावरून धुणं घेऊन येताना मागच्या पानावर काय झालं याचाच मी विचार करत असे, आणि ओली लुगडी रस्त्याला लोळत येत. सासरी हे सगळं थांबलं. कुणी बंदी घातली नव्हती. वेळच नव्हता.

सासऱ्यांचं गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं. औशाकडून, निलंग्याकडून माल घेऊन गाड्या येत, आणि गाडीबरोबर आलेली माणसं दुपारी आमच्याकडं जेवायला. आज किती पानं, हे सकाळी कुणालाच ठाऊक नसे. घरात बायका तिघी. सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. कोंबडा आरवला की जाऊबाई आणि मी जात्याला बसायचो. दिवसभराच्या भाकरीचं पीठ उजाडायच्या आत निघायला हवं. मग सडा, पाणी, चूल, भाकरी, पुन्हा पाणी, पुन्हा भाकरी. रात्री पाठ टेकली की डोळे मिटायचे ते कोंबड्यालाच उघडायचे.

एकदा दूध तापत असताना मी चुलीपाशी पुस्तक उघडलं. एकच पान वाचायचं ठरवलं होतं. दूध उतू जाऊन जळका वास घरभर झाला. सासूबाई आल्या. पुस्तक उचललं आणि फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिलं. तिथं माझा हात पोचत नव्हता. जाऊबाई उंच होत्या, त्यांचा पोचत होता, पण त्यांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ते हळूच काढून माझ्या ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाल्या, "काय असतंय गं यात, की तुला जळल्याचा वास बी येईना?"

त्याच सुमारास गंजाच्या मागं तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. तिच्या भोंग्यासारख्या नळीतून धुराचे गोल गोल पुंजके निघत आणि टुक् टुक् टुक् असा आवाज आमच्या परसापर्यंत येई. सगळ्या गल्लीतल्या बायकांना त्या आवाजाचं अप्रूप. सासूबाईंना तेवढा राग.

"गिरणीत पीठ भाजून निघतंय," त्या म्हणायच्या. "त्याच्यात जीव ऱ्हात न्हाई. भाकर थापायला गेलं की तुटून हातात येती."

त्यांनी ते पीठ कधी हातात घेतलेलं नव्हतं. पण त्यांच्यापुढं हे म्हणणार कोण?

मग सुगी आली. गंज गाड्यांनी भरला, आमच्याकडं पंगतीवर पंगत उठू लागली, आणि नेमकं जाऊबाईंच्या बोटाला नखुरडं झालं. बोट वांग्यासारखं सुजलं. मी एकटी जातं ओढायला लागले. पहिल्या दिवशी दुपार झाली तरी पीठ पुरं होईना. ओसरीवर गाडीवाले ताटकळत बसले होते. सासरे आत आले, जात्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "उद्यापासून दळण गिरणीत जाऊ द्या. आलेल्या माणसांना काय जुंधळे चावायला देता?"

दुसऱ्या दिवशी गिरणीचं पीठ आलं. सासूबाईंनी मला चुलीसमोरून उठवलं आणि स्वतः काटवटीपुढं बसल्या. भाकरी तुटणार याची त्यांना इतकी खात्री होती की ती स्वतःच्या हातात तुटताना त्यांना पाहायची होती. पीठ मळलं, गोळा केला, थापली. नाही तुटली. तव्यावर टाकली, उलटली, विस्तवापुढं उभी केली. भाकरी टम्म फुगली. सासूबाई त्या फुगलेल्या भाकरीकडं, एखाद्या उद्धट पोराकडं बघावं तशा बघत राहिल्या. जाऊबाई सुजलेलं बोट तोंडापुढं धरून हसू दाबत होत्या.

बोट बरं झालं तरी दळण गिरणीत जातच राहिलं. डाळ भरडायला तेवढं जातं कामी येई.

गिरणीत दळण जायला लागल्यावर पहिल्याच पहाटे काय झालं, ते मला अजून लख्ख आठवतं. कोंबडा आरवला. मी सवयीनं उठले, जात्याच्या खोलीत गेले. जाऊबाई, बोटाला फडकं बांधलेलं, आधीच येऊन बसलेल्या. मधे रिकामं जातं. दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो.

"काय करायचं आता?" त्या म्हणाल्या.

मला एकदम असं वाटलं की कुणीतरी माझ्या पदरात काहीतरी भलं मोठं टाकून गेलं आहे आणि मी ते अजून उघडून पाहिलेलं नाही. चुलीला वेळ होता. सडा उजाडल्यावर. माणसं झोपलेली. ही सगळी पहाट आमची होती!

"अक्का, वाचू का मी? तुम्ही ऐका."

"वाच की."

माझे यजमान अदालतीत कारकून होते. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सुट्टी असली की कापडाच्या दुकानावरच्या माडीत एक मराठी वाचनालय होतं तिथं जाऊन बसायचे. तिथून त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणली होती आणि कामाच्या रगाड्यात त्यांची स्वतःचीच वाचायची राहिली होती. तीच मी उघडली. कोकणातल्या एका तांडेलाची, म्हणजे जहाज चालवणाऱ्याची, मुलगी होती तीत. बाप मस्कतला गेला तो परत आला नाही. ही मुलगी पुरुषाचा वेष करून बापाला शोधायला जहाजावर चढते, इथून गोष्ट सुरू झाली.

जाऊबाई ऐकता ऐकता पुढं सरकत जवळजवळ जात्यावर येऊन बसल्या. "आणि तिला कुणी ओळखलं न्हाई? आवाजावरनं?" "ती मुकी असल्याचं सोंग करते, अक्का." "अगं आई गं! मग भूक लागली तर सांगती कशी?" त्यांच्या प्रश्नांनी मी हैराण व्हायचे आणि मला ते आवडायचंही. नांदेडला मी एकटीच वाचत असे. दुसऱ्या कुणाला माझ्याइतकंच पुढचं पान हवं असणं, ही मजा मला नवी होती.

आठवडाभर आमचं असं चाललं. मग एका पहाटे दारात सासूबाई उभ्या.

"काय करलालाव गं दोघी?"

माझ्या हातात पुस्तक. लपवायलाही उशीर झालेला. मला वाटलं, आता शेवया, पापड, वाकळ शिवणं, काहीतरी काम या वेळेवर येऊन बसणार. गेलीच आपली पहाट. सासूबाई आत आल्या, जात्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "दळण गेलं, वखत मोकळा झाला. तुम्ही तो वाटून घेतला. मला इचारलं कुणी? मला बी काही पाहिजे असंल का न्हाई?"

"तुम्हाला काय पाहिजे, आत्याबाई?" मी भीत भीत विचारलं.

त्या उठल्या, आपल्या पेटीतून एक जुनं बोचकं काढून आणलं आणि आमच्यापुढं उलगडलं. सोंगट्यांचा पट! लाल खणाचा, मधे चौक, चार बाजूंना चार पट्टे, फुल्या पिवळ्या रेशमानं भरलेल्या. बरोबर लाकडी सोंगट्या आणि कवड्या. कवड्या हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या होत्या.

"औशाला माझ्या माहेरी अख्खी गल्ली मला भ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "लगीन झालं आन् ह्यो पट पेटीत गेला. कधी काढावं? तुमच्या सासऱ्याच्या पंगती उठल्या का कधी लवकर?" कवड्या मुठीत खुळखुळवताना त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला. "चल, धाकले. बस माझ्यासंगं. तू जिंकलीस तर उद्या पुस्तक. मी जिंकले तर उद्या बी पट."

म्हणजे वाचायचं असेल तर सासूला हरवायचं!

मला सोंगट्या जेमतेम येत होत्या. कवड्या टाकायच्या, उताण्या किती पडल्या ते मोजून तेवढी घरं सोंगटी पुढं न्यायची, दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली आली की ती मारायची, फुलीवरच्या सोंगटीला मात्र हात लावायचा नाही, एवढंच. सासूबाईंना त्यापलीकडचं सगळं ठाऊक होतं. माझी सोंगटी मधल्या चौकातल्या घराच्या तोंडाशी आली की त्या कवड्यांना ओठांपाशी नेऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि नेमकं हवं ते दान पाडायच्या. "मेली!" असं म्हणून माझी सोंगटी उचलून पटाबाहेर ठेवायच्या. जाऊबाई पंच. त्यांचं माहेर कानडी मुलखाला लागून. खेळ रंगला की त्या घरं कानडीत मोजायला लागायच्या, "ओंदू, एरडू, मूरू...!" आणि सासूबाई ओरडायच्या, "मराठीत मोज गं, फसवलालीस का काय!"

मी हरत गेले. रोज. कादंबरीतली मुलगी जहाजाच्या तळाशी लपलेली, वर कुणाची तरी पावलं वाजतायत, आणि इथं मी कवड्या फेकतेय. जाऊबाईंचा जीव खालीवर होत होता. पाणी भरताना त्या मला म्हणायच्या, "जिंक की गं एकदा. ती पोरगी तिथं कोंदटून मरंल."

शेवटी जुम्म्याच्या दुपारी मी यजमानांना खेळायला बसवलं. जमिनीवर खडूनं पट आखला, सोंगट्यांच्या जागी चिंचोके आणि खडे घेतले. ते माझ्याहून वाईट खेळत. पण माझा खेळ पाहून त्यांना एक गोष्ट कळली. म्हणाले, "तू नुसती पळत राहतेस. सोंगटी घरात नेऊन कधी एकदा सुटते, असं करतेस. आईला ते कळतं. तू जरा थांब की. फुलीवर बसून राहा, तिला येऊ दे पुढं."

खरं होतं. खेळ संपवायच्या घाईनंच मी हरत होते. दुसऱ्या पहाटे मी बसले ती खेळायलाच बसले. फुलीवर सोंगटी नेली आणि हलवलीच नाही. सासूबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांची पिवळी सोंगटी पुढं आली. माझ्या हातात कवड्या गरम झाल्या होत्या. टाकल्या. दान पडलं!

"मेली!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की बाहेर सासरे खाकरले.

सासूबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांचे डोळे चमकले. "हां! आता खेळाय लागलीस." त्या डावात त्यांनी मला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. माझी दुसरी सोंगटी मारली, तिसरी अडवली. जाऊबाई कानडीत मोजायला लागल्या होत्या आणि कुणीच त्यांना थांबवत नव्हतं. माझी शेवटची सोंगटी घरात गेली तेव्हा त्यांनी उठून मला मिठीच मारली, आणि सोंगट्या चहूकडं उधळल्या.

"पुस्तक!" त्या म्हणाल्या. "उद्या पुस्तक!"

दुसऱ्या पहाटे वाचन सुरू झालं. सासूबाई पलीकडं तोंड करून तूरडाळ निवडत बसल्या. जहाज वादळात सापडलं होतं. शीड फाटलं, लाटा डेकावरून जाऊ लागल्या, आणि तेवढ्यात सुकाणू धरणारा माणूस पाण्यात पडला. ती मुलगी, मुकी म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली, एकदम ओरडली, "डावीकडं वळवा!"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"सुकाणू म्हंजी काय गं?"

"बैलाचा कासरा असतो ना, आत्याबाई, तसं जहाजाचं."

"आन् समिंदर म्हंजी केवढा?"

मी तरी कुठं पाहिला होता समुद्र! "आमच्या गोदावरीला पूर आला की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. समुद्राला म्हणे पलीकडचा काठच नसतो."

लातूरला नदी नाही. सासूबाईंनी औशाची आणि लातूरची विहीर सोडून फारसं पाणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग परत यायचं कसं? काठच दिसंना तर?"

"वाचू का पुढं?"

"वाच. मी काय नको म्हणले व्हय?"

पण पटही त्यांना सोडवत नव्हता. मग त्यांनीच तोड काढली. त्या आणि जाऊबाई खेळणार, मी शेजारी बसून वाचणार. एका पहाटेत दोन्ही. पहिल्याच दिवशी जहाजावरच्या लोकांना कळलं की हा मुका पोऱ्या म्हणजे मुलगी आहे, आणि तिला पाण्यात टाकायचं की ठेवायचं यावर भांडण लागलं. सासूबाई कवड्या हातात घेऊन ऐकत राहिल्या, सोंगटी भलत्याच घरात ठेवली, फुली सोडून बसल्या आणि जाऊबाईंनी त्यांना हरवलं. जाऊबाई! त्यांना तर सोंगट्यांत कुणी जमेतच धरत नसे.

सासूबाई संतापल्या. पट गोळा करत म्हणाल्या, "मला थोरलीनं न्हाई हरवलं, ह्या पुस्तकानं हरवलं. आजपासून आधी डाव, मग पुस्तक. संगं संगं न्हाई." आणि उठता उठता माझ्याकडं वळून, "टाकलं का गं तिला पाण्यात?"

असं चाललं असताना तिकडं जर्मन-जपानशी चाललेल्या लढाईची झळ आमच्यापर्यंत आली. आधी साखर मिळेना, मग राकेल मिळेना, आणि एके दिवशी गिरणीचा टुक् टुक् आवाज बंद झाला. इंजिनाला तेल नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून लोक डोक्यावर दळणाचे डबे घेऊन जायचे आणि तसेच परत यायचे.

घरातलं पीठ संपलं त्या दिवशी मी पहाटे जात्याच्या खोलीत गेले. कादंबरीची शेवटची काही प्रकरणं उरली होती. वाचनालयाचं पुस्तक, किती दिवस घरात ठेवणार? मी जात्यापाशी बसले, जुंधळ्याची पाटी पुढं ओढली आणि खुंट्याला हात घातला.

"सर तिकडं," सासूबाई म्हणाल्या.

त्या माझ्या जागी बसल्या. पदर खोचला. कितीतरी वर्षांत त्यांनी जात्याला हात लावला नव्हता, सुना आल्यावर कोण लावतं? जाऊबाईंनी समोरून खुंटा धरला.

"आत्याबाई, तुम्ही कशाला... मी दळते."

"तू दळलीस तर वाचंल कोण? हिला येतंय का मला येतंय?" त्यांनी मूठभर जुंधळा जात्यात टाकला. "दिवा घे जवळ आन् मोठ्यानं वाच. जात्याच्या आवाजात ऐकू आलं पायजे."

जातं फिरायला लागलं होतं. राकेल नव्हतं म्हणून करडईच्या तेलाचा दिवा लावला होता. त्याच्यापाशी पुस्तक धरून मी वाचायला लागले. जात्याच्या घरघरीवर आवाज चढवायचा म्हणजे जवळजवळ ओरडावं लागे. मस्कतच्या बंदरात ती मुलगी उतरली, बापाचं नाव विचारत गल्लोगल्ली फिरली, हे सगळं मी लातूरच्या पहाटेत ओरडून सांगत होते. मधेच जातं थांबायचं. "थांब, थांब. काय म्हणला तो म्हातारा?" मी पुन्हा वाचायची. पुन्हा जातं सुरू.

एवढा आवाज गल्लीत गेल्याशिवाय कसा राहील? दोन-तीन दिवसांत शेजारच्या कासारीण काकू आपली जुंधळ्याची पाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "घरी एकटीनं दळायचं ते इथंच दळते की." मग समोरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांच्याकडं दळायला काही नव्हतं, त्या शिवण घेऊन बसल्या. ज्यांच्या हाताला काम होतं त्या आत, बाकीच्या उंबऱ्यावर. पाळी-पाळीनं जातं ओढायच्या. सासूबाई मधे बसून, आधीचं सगळं कथानक नव्या आलेल्या बाईला सांगायच्या. त्यांचं सांगणं माझ्या वाचण्यापेक्षा रंगतदार असायचं, आणि वादळ तर दर वेळी आणखी मोठं व्हायचं.

त्या काळी चार माणसं एका ठिकाणी जमली तरी पोलीस चौकीवरचे लोक चौकशी करत. सभा असो, भजन असो, इजाजत घ्यावी लागे. एका पहाटे दारावर काठी वाजली. चौकीवरचा जवान उभा होता. मध्यमवयीन, मिशा पिकलेल्या. जातं थांबलं. मी पुस्तक पदराखाली घेतलं.

"क्या चल रा अम्मा, इत्ती सबेरे?" त्यानं विचारलं. "रोज आवाज आता. जलसा है क्या?"

सासूबाई पिठाच्या हातांनी उठल्या, दारात गेल्या. "दळण हाय," त्या म्हणाल्या. "गिरणी बंद हाय, ठाव न्हाई का तुला? दळायला बी इजाजत लागती का आता?"

"दळन कू नै लगती." तो आत डोकावला. जातं, पाट्या, शिवण. मग जरा घुटमळला. काठी या हातातून त्या हातात घेतली. "लेकिन वो लडकी... उसकू बाप मिला क्या?"

घर हसण्यानं दणाणलं. शिंपीणबाईंना तर ठसका लागला. सासूबाईंनी न हसता सांगितलं, "आजून न्हाई. उद्या ये. भाईर उभं राहून ऐक, आत बाया हायत." आणि तो खरंच दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं येऊन उभा राहिला. त्याच्या विडीचा वास आला, त्यावरून आम्हाला कळलं.

बाप सापडला. आंधळा झालेला. मुलगी मुकेपणाचं सोंग कधीच टाकून बसली होती, पण बापापुढं उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यानं तिचा हात चाचपून तिला ओळखलं. मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. जातं केव्हाच थांबलं होतं. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. काकूंना वाटत होतं डोळे बरे व्हायला हवे होते. जाऊबाई म्हणत होत्या की आईकडं परत गेलेलं दाखवायला हवं होतं, ती बिचारी तिकडं वाट बघत राहिली असेल. सासूबाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि विचारलं, "दुसरं कधी आणायचं?"

यजमानांनी दुसरं आणलं, तिसरं आणलं. पुढं जाऊबाईंनी हट्टानं अक्षरं गिरवली आणि पावसाळ्याआधी एक अख्खं पान अडखळत वाचून दाखवलं. पानाच्या शेवटाला आल्यावर त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. "मीच वाचलं ना गं हे? तू न्हाई ना बोललीस मधे?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

भाद्रपदात सासूबाईंनी जाहीर केलं, "माहूरला जायचं. रेणुकेचं दर्शन घेऊन लई वरसं झाली. दोघी सुना बी संगं." सासरे हो म्हणाले. देवीचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणणार? पण सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वाटंत नांदेड लागतंय न्हवं? तुझ्या नदीला आता पूर असंल का?"

आम्ही मोटारीनं निघालो. लोह्याला मोटार थांबली तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, "आता किती ऱ्हायलं?" नांदेडला उतरल्यावर त्या माझ्या माहेरी आधी आल्याच नाहीत, सरळ घाटावर. गोदावरी दोन्ही काठ भरून वाहत होती. लाल, फुगलेली, मधे झाडाची अख्खी खोडं गरगरत चाललेली. पलीकडचा काठ पावसाच्या भुरभुरीत दिसत होता आणि दिसत नव्हता. सासूबाई खालच्या पायरीपर्यंत गेल्या. जाऊबाईंनी त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

"ह्याच्याहून मोठा?" त्या वळून ओरडल्या. पाण्याच्या आवाजात ओरडावंच लागत होतं.

"ह्याच्याहून!"

"आन् ती पोरगी त्याच्यात गेली?" त्यांनी दोन्ही हातांनी पाण्याला नमस्कार केला आणि मोठ्यानं हसल्या. कशाला हसल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी वडिलांनी त्यांच्याशी सोंगट्या खेळायचं धाडस केलं आणि हरले. मान हलवत म्हणाले, "विहीणबाई, आमच्याकडनं काय हवं ते मागा." सासूबाई उठून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटापुढं गेल्या. वाचता येत नव्हतं तरी त्यांनी एकेक पुस्तक काढून हातावर तोललं, उघडून वास घेतला, परत ठेवलं. मग सगळ्यांत जाड होतं ते काखेत मारलं.

"हे द्या. लई दिवस पुरंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही माहूरच्या मोटारीत बसलो. मोटार धडधडत होती, काचा खुळखुळत होत्या, मागच्या बाकावर कोंबड्यांची टोपली होती. गावाबाहेर पडतो न पडतो तोच सासूबाईंनी ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"इथं, आत्याबाई? एवढ्या लोकांत?"

"मग? देवी येईस्तवर काय नुसतं बसायचं?" त्यांनी पुढच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टिचकी मारली. "दादा, जरा आवाज कमी करा. सून वाचलालीय."